मंगळम् टीचरची राणी

आमच्या घरी कोण पाहुणा आला आणि त्याच्या पिशवीत काय आहे हे आधी मला कळायचं, मग आईला. "भोचक कुठली" हे माझं घरातलं दुसरं नाव होतं. अप्पा तर मला सरळ 'इन्स्पेक्टर' म्हणत. मला त्याचं काही वाटत नसे. माणसं गोष्टी झाकून ठेवतात म्हणजे आत काहीतरी बघण्यासारखं असणारच, असा माझा साधा हिशेब होता आणि सत्तरीला टेकले तरी तो बदललेला नाही. पण एका गाठोड्यानं मात्र मला लहानपणी बरीच वर्षं दाद दिली नाही. ते आमच्या समोरच्या घरात, मंगळम् टीचरच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर, पितळी डब्यांच्या मागे ठेवलेलं असे. पिवळ्या कापडात बांधलेलं, वीतभर लांबीचं. "त्यात काय आहे?" असं मी विचारलं की टीचर म्हणत, "माझं लग्न." आणि हसत. मी आठ-नऊ वर्षांची असेन. लग्न इतकं लहान असतं आणि फळीवर ठेवता येतं, हे ऐकून मी चाटच पडले होते.

टीचर नात्यानं आमच्या कुणी नव्हत्या. त्या तमिळ. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या, आणि समोरच्या घरात म्हाताऱ्या आईबरोबर राहायच्या. आई वारली तेव्हा टीचर तिशी ओलांडून गेल्या होत्या, लग्न झालेलं नव्हतं, आणि एकटीसाठी चूल पेटवायचा त्यांना कंटाळा. मग माझ्या आईनंच फर्मान काढलं की उद्यापासून जेवायला इकडे यायचं. त्या आल्या आणि आमच्याच होऊन गेल्या. आमचं मराठीही त्या आमच्या स्वयंपाकघरात बसूनच शिकल्या. सकाळी मागच्या दारानं येऊन, "अक्का, कॉफी अस्से का?" असं विचारत. तंजावरकडच्या आम्हा मराठी घरांत 'आहे' नाही, 'अस्से' म्हणतात. इतक्या पिढ्यांपूर्वी जे घेऊन आलो तेच जपून वापरतोय, मधे मधे तमिळची फोडणी देऊन. माझी सून पुण्याची. हे लिखाण तीच तपासते, आणि प्रत्येक 'अस्से' खाली लाल रेघ मारते. बाकी सगळं मी तिच्या मनासारखं करून दिलंय, पण आई आणि टीचरच्या तोंडचा 'अस्से' काढू देणार नाही म्हणून मी तिला बजावून ठेवलंय. तो काढला तर त्या दोघी मला ऐकूच यायच्या नाहीत.

आमचं घर पहाटे जागं व्हायचं ते आवाजांनी. आधी अप्पांची झांज. शनिवारी ते गोविंदपुरम्‌ला भजनाला जात आणि इतर दिवशी घरातच तेवढी हौस भागवून घेत. आवाज बेताचा, पण उत्साह दांडगा. मग कॉफीच्या बिया दळायच्या हातयंत्राची घरघर, मग आत्याबाईंचं बोलणं. आत्याबाई म्हणजे अप्पांची थोरली बहीण. फार लहानपणी विधवा होऊन माहेरी आलेल्या, आणि घरातल्या सगळ्या रीतिभातींचा कारभार त्यांच्याकडे. कुठल्या वाराला काय खायचं, काय शिवायचं, कुणाच्या हातचं काय चालतं, हे सगळं त्यांच्या जिभेवर. आई त्यांच्यासमोर आवाज चढवत नसे. ती आपली "शेरी, आत्याबाई", म्हणजे 'बरं', एवढंच म्हणायची आणि मग तिला जे करायचं ते करायची. हे आईचं तंत्र माझ्या फार उशिरा लक्षात आलं. दुपारी पिठलं असलं की टीचर शाळेतून धावत येत. पिठलं, भात आणि वर डांगराची पचडी, असं त्यांचं आवडीचं जेवण. हात धुता धुता त्या मला प्रश्न घालत. "तुळजा, कावेरी कुठून निघते? मग आपल्याकडे येईपर्यंत तिला कोण कोण भेटतं?" मी नद्यांची नावं घडाघडा म्हणायची. "आणि तुम्ही टीचर? तुम्ही कुठं कुठं जाऊन आलात?" मी विचारलं. "तिरुच्चीला," त्या म्हणाल्या, आणि जोरात हसल्या. सगळ्या जगाचा भूगोल शिकवणारी बाई तिरुच्चीच्या पलीकडे गेली नव्हती.

नवरात्र आलं की आमच्या घराची दोन घरं होत. देवघरात घट बसे, तो आमचा, महाराष्ट्रातून आलेला. आणि पुढच्या खोलीत कोलू, तो इथला. लाकडाच्या पायऱ्या रचायच्या, त्यावर पांढरं कापड अंथरायचं आणि बाहुल्या मांडायच्या. देव वरती, खाली माणसं. वाण्याचं दुकान मांडून बसलेले लठ्ठ शेट्टी आणि शेट्टीण, त्यांच्यापुढे खऱ्या तांदळाच्या, डाळीच्या इवल्या राशी. संध्याकाळी बायका येत, पायऱ्यांपुढे बसून गात, सुंडल घेऊन जात. रोज वेगळ्या कडधान्याचं सुंडल, वर ओलं खोबरं. घटापुढे आत्याबाई, कोलूपुढे आई, अशी वाटणी होती. आणि सगळ्यात वरच्या पायरीवर, कलशाच्या शेजारी, 'मरप्पाच्चि' उभे असत. रक्तचंदनाच्या लाकडाचे राजा आणि राणी, वीतभर उंच, काळपट लाल, डोळे वटारलेले. हे जोडीनंच असतात. मुलीचं लग्न झालं की आई तिला ही जोडी देते, तिच्या घरी कोलू सुरू व्हावा म्हणून. जोडी कधी मोडायची नसते. दरवर्षी त्यांना नवे कपडे घालायचे, ते काम माझं. राणीला जरीच्या तुकड्याचं लुगडं, राजाला धोतर आणि पगडी. आमची राणी जरा लंगडी होती. डावा पाय तिरका झिजलेला, म्हणून तिच्या पायाखाली कागदाची घडी घालावी लागे, नाहीतर ती राजाच्या अंगावर कलंडायची.

तिचा पाय का झिजला ते सांगायला हवं. घरात कुणा पोराला ताप आला, गळू झालं, घसा सुजला, की आई राणीला कपडे उतरवून सहाणेवर उगाळायची. तुम्ही बाळगुटी उगाळता तसंच. ते लाल गंध कपाळावर, सुजलेल्या जागी लावायचं. डॉक्टरची गोळीही द्यायची, आई काही खुळी नव्हती. पण गोळी आधी की राणी आधी, तर राणी आधी. माझ्या गोवराच्या वेळी तर मी डोळे उघडले की आईचा लाल हात आणि सहाणेचा तो घर्रर्र आवाज, एवढंच मला आठवतं. राजाला मात्र कुणी उगाळत नसे. मी एकदा विचारलं, तर आई म्हणाली, "राजे कुठं झिजतात गं?" आणि पुन्हा उगाळायला लागली. मला तो विनोद कळायला लग्न करावं लागलं.

टीचरच्या गाठोड्याचा उलगडा मात्र मी थोडी मोठी झाल्यावरच झाला. त्यातही मरप्पाच्चिच होते. टीचर लहान असताना त्यांच्या आईनं तिरुपतीहून आणून, लेकीच्या लग्नात द्यायचे म्हणून बांधून ठेवलेले. लग्न झालं नाही, गाठ सुटली नाही. आई गेली तरी टीचरनी ती सोडली नव्हती. दुसऱ्यानं हातात द्यायची वस्तू आपण आपली कशी घ्यायची, असं त्या म्हणत.

मग एका दुपारी टीचर जेवायला आल्या आणि जेवायच्या आधीच म्हणाल्या, "अक्का, मी जाते अस्से. आफ्रिकेला." आईच्या हातातली पळी तशीच राहिली. झांबिया नावाच्या देशाला शिक्षक हवे होते, टीचरनी कुणालाही न सांगता अर्ज केला होता, मद्रासला जाऊन मुलाखतही दिली होती, आणि आता बोलावणं आलं होतं. "म्हणजे तिरुच्चीच्या पलीकडे गेलात!" मी म्हणाले. "गप्प बस," आई म्हणाली. मग तिनं विचारलं, "कुठं अस्से ते?" टीचरनी कोलमचं, म्हणजे रांगोळीचं, तांदळाचं पीठ घेतलं आणि स्वयंपाकघराच्या काळ्या फरशीवर चिमटीनं आफ्रिका काढली. दारात रांगोळी काढावी तशी एका दमात, कुठं अडखळल्या नाहीत. मग बाजूला हिंदुस्थान काढला आणि आमच्या कुंभकोणम्‌च्या जागी तुरीच्या डाळीचा एक दाणा ठेवला. दुसरा दाणा आफ्रिकेच्या पोटात. "इथं एक नदी अस्से अक्का, झांबेझी. ती एका कड्यावरून अशी पडते की तिचा धूर लांबून दिसतो. मी पोरींना दरवर्षी शिकवते. कसा दिसतो विचारलं की पुस्तकात बघून सांगते." त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. आई दोन दाण्यांकडे बघत बसली. मग तिनं एकच प्रश्न विचारला, "तिथं दूध मिळतं का?" टीचर म्हणाल्या मिळत असेल. "कॉफी?" तीही मिळत असेल. आई म्हणाली, "मग ठीक." आणि पदरानं नाक पुसलं. ती आफ्रिका दोन दिवस कुणी पुसली नाही. आम्ही सगळे तिला ओलांडून जात होतो.

आत्याबाईंनी मात्र आकाश पाताळ एक केलं. अविवाहित बाई, एकटी, समुद्रापलीकडे! तिथं आजारी पडली तर कोण बघणार, मेली तर कोण नेणार. त्या वाईट बोलत होत्या, पण भ्यालेल्या होत्या, हे आज कळतं. टीचरना निघायचं होतं दसऱ्यानंतर. त्यांनी आपल्या कोलूच्या बाहुल्या आमच्याकडे आणून ठेवल्या, कारण एकदा सुरू झालेला कोलू बंद पडू द्यायचा नसतो. त्या वर्षी आमच्या पायऱ्या वाढवाव्या लागल्या आणि दोन शेट्टी, दोन शेट्टिणी शेजारी शेजारी दुकान मांडून बसले. फक्त पिवळं गाठोडं टीचर आणत नव्हत्या. निघायच्या आदल्या सकाळी आईनं मला पाठवून ते मागवून घेतलं. "काय करणार?" मी विचारलं. "बाजारात जाऊन विड्याची पानं आण. कोवळी बघून घे." मी म्हणाले, "पानं घरात आहेत." "अजून आण," आई म्हणाली. मी गेले. धावत गेले आणि धावत आले, तरी परत येईपर्यंत आईनं गाठ सोडून दोन्ही जोड्यांना नवे कपडे चढवले होते. आमचे राजा-राणी पेटीत झोपवून झाले होते, आणि टीचरचे राजा-राणी ताटात तयार. माझं काम तिनं केलं म्हणून मी फुगून बसले.

संध्याकाळी आईनं टीचरना पाटावर बसवलं. कुंकू लावलं. नारळ, तांदूळ, हळकुंड आणि खण घेऊन ती ओटी भरायला वाकली तर आत्याबाई दारातून म्हणाल्या, "लग्न न झालेल्या बाईची अशी पाठवणी करायची पद्धत कुठली गं?" आईनं हात थांबवला नाही. "ती आफ्रिकेला जाते अस्से, आत्याबाई. ती तरी कुठं पद्धत होती?" जन्मात पहिल्यांदा ती आत्याबाईंना उलटून बोलली. ओटी भरून झाल्यावर तिनं ती लाकडाची जोडी टीचरच्या हातात दिली. "तुझ्या आईनं द्यायची होती. मी देते. घर मांड, पायरी मांड, एकच मांड, पण मांड." टीचर त्या जोडीला छातीशी धरून हमसून हमसून रडायला लागल्या. इतक्या मोठ्या बाईला, तेही शाळेतल्या टीचरला, मी असं रडताना बघितलं नव्हतं. मलाही रडू फुटलं. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर त्यांनी मला त्यांचा जुना नकाशांचा ॲटलास दिला, आणि गाडी हलल्यावर खिडकीतून ओरडून विचारलं, "झांबेझी कुठल्या समुद्राला मिळते?" मी ओरडले, "हिंदी महासागराला!" "म्हणजे आपल्याच!" त्या म्हणाल्या.

पुढच्या नवरात्रात मी नेहमीसारखी राणीच्या पायाखालची कागदाची घडी करून तयार ठेवली. आईनं चढवलेले कपडे अजून नवेच होते म्हणून ते न बदलता वरच्या पायरीवर राणी उभी केली, घडी सरकवायला गेले, तर ती सरळ उभी! जरासुद्धा कललेली नाही. "आई, राणीचा पाय बरा झाला!" मी ओरडले. सगळे धावत आले. मी लुगडं सोडलं. दोन्ही पाय सारखे, कोरे, कडा अजून तीक्ष्ण. ही आमची राणी नव्हतीच. ही टीचरची. आमची लंगडी राणी टीचरच्या राजाबरोबर आफ्रिकेला गेली होती. आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. "जोडी मोडली! दोन घरांच्या दोन्ही जोड्या मोडल्या!" अप्पा म्हणाले, कपडे चढवताना अदलाबदल झाली असणार, कपड्यात सगळे सारखेच दिसतात. आई म्हणाली, "असेल." एवढंच. परत मागवा म्हणून आत्याबाई मागे लागल्या. आई म्हणाली, समुद्रापलीकडून टपालात घातलेली राणी बुडाली तर? येईल तेव्हा मंगळम् घेऊन येईल. हे म्हणणं आत्याबाईंनाही मान्य करावं लागलं.

माझ्या डोक्यात मात्र किडा वळवळत राहिला. आईच्या हातून अशी चूक होईल? जी बाई अंधारात हात घालून मोहरीऐवजी कधी मेथी काढत नसे? मग टीचरनीच बदलली असेल? पण का? आमच्या लंगड्या राणीत त्यांना काय दिसलं? मी आईला विचारलं की ती म्हणे, "डाळ बघ, उतू जाईल." डाळ चुलीवर नसतानासुद्धा. आणि टीचर काही यायचं नाव घेईनात. त्यांची निळी पत्रं येत, सगळ्यांची चौकशी, शाळेची हकिकत, पोरींची नावं. सुट्टी मिळाली की त्या घरी यायच्या ऐवजी आणखी कुठंतरी जात. धबधबा पाहिला. मग नाईल बघायला गेल्या. मग बर्फाचा डोंगर, तोही आफ्रिकेतच. मी ॲटलास उघडून प्रत्येक ठिकाणी शिसपेनीनं टिंब करत असे. मला त्यांचा राग यायचा आणि हेवाही वाटायचा. इकडे घरात काहीही बिघडलं की आत्याबाई वरच्या पायरीकडे बोट दाखवत. अप्पांची बदली झाली, मोडलेली जोडी. विहीर आटली, मोडलेली जोडी. दर नवरात्रात आई हे निमूट ऐकून घेई आणि त्या कोऱ्या राणीला आमच्या राजाशेजारी उभी करी.

असं करता करता माझंच लग्न ठरलं. तंजावरचंच घर, आमच्यातलंच, आणि मुलगा मला पसंत होता, हे सांगून टाकलेलं बरं. आता लग्नात मला घरची जोडी मिळायची. आत्याबाईंनी पाय रोवला. मोडलेली जोडी पोरीच्या संसारात जाऊ देणार नाही, बाजारातून नवी आणा. आई म्हणाली, नवी आणणार नाही. दोघींचं बोलणं बंद झालं. आमच्या घरात त्याआधी असं कधी झालं नव्हतं. अप्पांची झांजसुद्धा मवाळ झाली. आणि मी? मी शिकलेली मुलगी, या सगळ्याला हसत होते, पण खरं सांगते, आत कुठंतरी मलाही धास्ती बसली होती. न जाणो. नव्या घरी जाताना कुणाला मोडकं काही बरोबर न्यावंसं वाटत नाही. अप्पांनी गुपचूप टीचरना लिहिलं की तुळजाचं लग्न आहे, या, आणि येताना राणी आणा.

टीचर आल्या ते नवरात्रातच. केस पांढरे झालेले, अंगावर सुती साडी, पायात बूट. मागच्या दारानं आत आल्या आणि म्हणाल्या, "अक्का, कॉफी अस्से का?" आई उठली, त्यांच्या गालांवरून हात फिरवला आणि दोघी तिथंच, चुलीपाशी, रडत उभ्या राहिल्या. कॉफी होईपर्यंत आत्याबाई कशाबशा थांबल्या. मग म्हणाल्या, "मंगळम्, आमची राणी आण." टीचरनी थैलीतून मोठ्या फुलांच्या भडक आफ्रिकन कापडाची एक गुंडाळी काढून उलगडली. आत त्यांचा राजा होता, तसाच वीतभर. आणि शेजारी राणी, गुडघ्यापर्यंतच. खाली पाय नव्हतेच.

"अय्यो! पाय कुठं गेले तिचे?" आत्याबाई ओरडल्या.

"पोरींच्या कपाळावर," टीचर म्हणाल्या. त्या शाळेच्या वसतिगृहावर देखरेख करत होत्या. लांब लांबच्या खेड्यांतल्या पोरी, घर सोडून आलेल्या. पावसाळा आला की तापानं फणफणत. "गोळी दवाखाना देतोच. पण रात्री आई आई करत रडतात हो. मग मी बसते उगाळत. त्यांच्याकडे मला काय म्हणतात माहीत अस्से? लाल हाताची बाई."

मला आता दम धरवेना. "टीचर, खरं सांगा. ही तुम्ही चुकून नेलीत का मुद्दाम?"

"मी?" त्या चकित झाल्या. "मी तर तिथं पेटी उघडली तेव्हा बघितलं. लुगडं सोडलं, तिरका पाय दिसला, आणि समजले. मला वाटलं तुम्हा सगळ्यांना ठाऊक अस्से." त्यांनी आईकडे पाहिलं. आम्हीही पाहिलं. आई खाली बसून सुंडलसाठी नारळ खवत होती. ती खवत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "तिची राणी कोरी होती. जन्मल्यापासून गाठोड्यात. तिनं कुणाचा ताप बघितला नव्हता. पोर एवढ्या लांब एकटी चाललेली, तिला काय कोरी बाहुली देऊन पाठवायची? माझ्या पोरांचे ताप जिनं उतरवले ती दिली."

"आणि मला इतकी वर्षं बोलून घेतलंस!" आत्याबाई म्हणाल्या. "सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर देऊ दिली असती?"

मला त्या क्षणी आईचा भयंकर राग आला. सगळ्या घराला, विशेषतः मला, इन्स्पेक्टरला, तिनं बेमालूम फसवलं होतं. आणि त्याहून लाज वाटावी असं म्हणजे मला मत्सर वाटला. माझ्या गोवराची राणी आईनं दुसऱ्या लेकीला देऊन टाकली होती, मला पानं आणायला पिटाळून. टीचरनी राणी आईपुढे धरली. "ही घ्या अक्का. तुळजाची अस्से ही. जोडी पुरी करा." आई ती घेईना. दोघी एकमेकींकडे सरकवू लागल्या. शेवटी आत्याबाईंनीच हात पुढे केला. त्यांनी राणी उलटी केली, तिच्या गुडघ्यांवरून अंगठा फिरवला. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. पण आमच्या आजारपणात सहाणेवर पाण्याचे थेंब टाकायला आईच्या शेजारी रात्ररात्र त्याच बसत, हे मी विसरले होते.

"हिला परत ने," आत्याबाई टीचरना म्हणाल्या. "अर्धी उरलीय अजून. तिथल्या पोरींना लागेल."

"आणि जोडी?" अप्पा हळूच म्हणाले.

"कुठली जोडी?" आत्याबाई त्यांच्यावर उसळल्या. "ही इतकी वर्षं तिच्या राजाबरोबर तिकडे नांदली. ती तुमच्या राजाबरोबर इकडे नांदली. भांडली का? पडली का? मग कुणी मोडली जोडी? आता काय म्हातारपणी घटस्फोट करताय?" आणि उठून घटाला पाणी घालायला निघून गेल्या. आई हसायला लागली, खोबऱ्याची वाटी बाजूला ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. लग्नात तिनं मला आमचा राजा आणि टीचरची राणी दिली. आत्याबाईंनी स्वतः त्यांना कपडे चढवले. टीचर लग्नात पुढे पुढे करून सगळ्यांना आफ्रिकेच्या गोष्टी सांगत होत्या, आणि महिन्याभरानं परत गेल्या. त्या कायमच्याच तिकडच्या झाल्या. परत या म्हटलं की, इकडे येऊन आता एकटीनं खोली भाड्यानं घेऊन राहायचं का, असं विचारत. त्यांचं घर तिकडे होतं.

आई गेली, आत्याबाई गेल्या, अप्पा गेले. मी नवऱ्याच्या निवृत्तीनंतर पुन्हा कुंभकोणम्‌ला राहायला आले, तलावाजवळच्या फ्लॅटमध्ये. इथं लिफ्ट आहे, आणि कोलूच्या पायऱ्या आता स्टीलच्या, घडी होणाऱ्या. टीचर नव्वदीच्या आहेत. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी राहतात. ती आता नर्स आहे, तिनंच त्यांना फोनवर व्हिडिओ लावायला शिकवलं. यंदा नवरात्रात त्यांचा फोन आला तेव्हा मी सुंडलला फोडणी देत होते. पडद्यावर आधी नुसतं कपाळ, मग एक कान, मग एकदम सगळ्या टीचर. "अक्का कुठं अस्से?" त्यांनी विचारलं. हल्ली त्या विसरतात. मी सांगितलं, आई नाही आता, टीचर. त्यांनी काहीतरी चाचपून कॅमेऱ्यासमोर धरलं. लाल, गुळगुळीत, माझ्या अंगठ्याएवढं. डोळे वटारलेले तेवढे ओळखू आले.

"एवढीच उरली बघ. तुझी दाखव."

मी पुढच्या खोलीत गेले, वरच्या पायरीवरून त्यांची ती कोरी राणी उचलली आणि लुगडं सोडून फोनसमोर धरली. माझ्या दोन पोरांचे ताप, एका नातवाचा गोवर, आणि मागच्या साथीत मुंबईहून आलेली भाची. दोन्ही पाय घोट्यापर्यंत गेलेले. आता हिलासुद्धा राजाशेजारी उभी करताना खाली विटेचा तुकडा ठेवावा लागतो. टीचरनी डोळे बारीक करून बराच वेळ बघितलं, भूगोलाच्या वहीतला नकाशा तपासावा तसं.

"हं," त्या म्हणाल्या. "बरी झिजवलीस. तुझी आई आता काही बोलायची नाही." मग मागे वळून त्या नर्सला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं, ती हसली, आणि तिनं आपला तळवा पडद्यावर धरला. तो लाल होता.